हौदातली होडी

माझी होडी पहिल्यांदा पाण्यात गेली ती आमच्या बाथरूममधल्या निळ्या टबात, आणि अर्ध्या मिनिटात ती उजव्या कुशीवर झोपली. बुडलीच असती, पण टबात तेवढी जागा नव्हती. तिची कड टबाच्या भिंतीला टेकली आणि ती तशीच तिरपी राहिली. दाराबाहेरून आई म्हणाली, "झालं का तुझं? मला कपडे भिजवायचेत." मी म्हटलं, झालंच. होडी उचलली, जुन्या टॉवेलने पुसली आणि खोलीत नेऊन टेबलावर ठेवली.

घरात कुणी फार विचारलं नाही. मी काहीतरी करत असते, एवढं त्यांना पुरतं.

माझी एकच मैत्रीण होती. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वर्गात बोलायचं ते इंग्रजीत आणि डबा खाताना मराठीत. मी दोन्हीत कमीच बोलायची. माझ्या वाटचं ती बोलायची. रिक्षावाल्याशी ती बोलायची, झेरॉक्सवाल्याशी ती, भेळेच्या गाड्यावर "हिला पण एक, तिखट कमी" हेही तीच सांगायची. पुढे कॉलेजही एक आणि त्यानंतर नांदेडमधल्या एका खासगी क्लासच्या ऑफिसात कामही एकच. प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, तपासायच्या, चुका काढायच्या. समोरासमोर दोन टेबलं होती. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती लातूरला गेली. महिनाभर तिचं टेबल रिकामं राहिलं, मग त्यावर प्रिंटर आला.

सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मग रविवारी. मग रविवारीही तिच्याकडे पाहुणे असायला लागले.

त्या दिवसांत संध्याकाळी मी मोबाइलवर काहीही बघत बसायची. एका व्हिडिओत एक माणूस कुठल्यातरी तळ्याकाठी उभा होता. हातात रिमोट. त्याची होडी लांब जायची, वळायची आणि बरोबर त्याच्या पायाशी परत यायची. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. तो व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिला. मग मोटर, रिमोट, रिसीव्हर, एवढासा पितळी पंखा असं एकेक मागवलं. पातळ प्लायवूड आणून नेटवरच्या नकाशाबरहुकूम कापलं. होडी दीड हात लांब होती.

एका रविवारी फोनवर तिने विचारलं, "संध्याकाळी काय करायलीस मग?"

"होडी."

"काय?"

"होडी करतेय. रिमोटवरची."

ती इतकी हसली की तिकडे कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. "येडीच हैस तू. आण की इकडं, बघू तरी दे. आमच्या हौदात चालव. आमचा हौद म्हणजे स्विमिंग पूल हाय नुसता. ये तर खरी."

ती हे बोलली आणि बहुतेक फोन ठेवायच्या आत विसरली. मी त्यावर चार महिने काढले. होडी तयार करायची आणि लातूरला न्यायची, हे मी स्वतःशी पक्कं केलं. होडी हे निमित्त होतं हे मला कळत होतं. मला बघायचं होतं, ती अजून माझी आहे का. हे असं कुणाला विचारता येत नाही. निदान मला तरी येत नाही.

कलण्याचं कारण लवकर सापडलं. बॅटरी मी एका बाजूला बसवली होती, कारण मधोमध मोटर होती आणि मला ते तसं नीटनेटकं दिसत होतं. बॅटरी जमेल तेवढी मध्ये आणली, डाव्या अंगाला टायरच्या दुकानातले शिशाचे दोन तुकडे चिकटवले, तेव्हा ती सरळ उभी राहिली. मग मोटर सुरू केली तर मागे गेली. दोन तारा अदलाबदल केल्या, पुढे गेली. मग उजवीकडे वळवलं की डावीकडे वळायला लागली. त्यासाठी मी सुकाणू सगळं उखडून परत बसवलं आणि दोन दिवसांनी कळलं की रिमोटवर एक एवढंसं बटण असतं, ते सरकवलं की काम होतं. त्या दोन दिवसांचं मला वाईट वाटलं नाही. दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

खरी अडचण पाणी आत येण्याची होती. मोटर आत आणि पंखा बाहेर, त्यामुळे दोघांना जोडणारी दांडी होडीच्या तळातून बाहेर जाते, आणि ती ज्या नळीतून जाते त्या नळीतूनच पाणी आत चढतं. दांडी म्हणून मी सायकलच्या चाकाचा स्पोक वापरला होता. तो घ्यायला जाणं हे माझ्यासाठी एक कामच होतं. दुकानापुढून मी दोनदा सरळ निघून गेले. तिसऱ्यांदा दुकानातल्या चाचांनीच हाक मारली.

"क्या होना बेटा?"

"स्पोक."

"कौनसी साइकल?"

"साइकल नहीं है."

त्यांनी हातातलं चाक खाली ठेवलं. "फिर?"

"होडी... नाव है. छोटी."

"नाव कू स्पोक?" त्यांनी दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, पण हसले नाहीत. मला म्हणाले, लेके आओ. दुसऱ्या दिवशी मी होडी पिशवीत घालून नेली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, नाकाजवळ नेऊन रंगाचा वास घेतला. नळीच्या जागी मी पेनची रिफिल घातली होती, ती त्यांनी उपटून टाकली. मोडक्या रेडिओच्या अँटेनाचा एक पितळी तुकडा शोधून काढला आणि तो बसवायला दिला. मोटर आणि स्पोक यांच्यामध्ये सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी चढवून दिली. मग बोटावर ग्रीस घेऊन म्हणाले, "इसकू ग्रीस पिलाना. पेट भरके. पानी अंदर आतेच नै."

आणि खरंच आलं नाही. टबात पाच मिनिटं ठेवली, झाकण उघडलं, आत कोरडं. पाण्यावर थोडा तवंग दिसला, पण आमच्या टबात साबणाचा तवंग नेहमीच असतो.

आता तिला मोठं पाणी हवं होतं. टबात ती हातभर जायची आणि थडकायची. नांदेडला पाण्याला काय तोटा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि ती घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. पण घाटावर कधीही गेलं तरी माणसं. एका सुट्टीच्या सकाळी मी होडी पिशवीत घालून विष्णुपुरीला धरणाकडे गेले. तिथे दोन कुटुंबं डबे सोडून बसली होती आणि एका लग्नाचे फोटो काढणं चाललं होतं. मी काठावर अर्धा तास बसले. पिशवीत हात घातला की कुणीतरी बघायचं, निदान मला तसं वाटायचं. होडी पिशवीतून बाहेर काढलीच नाही. परतताना मला मैत्रिणीच्या हौदाची आठवण झाली आणि बरं वाटलं. चार भिंतींच्या आत, मोठं, शांत पाणी. तिथे फक्त ती असणार होती.

मी तिला मेसेज केला, पुढच्या गुरुवारी येते. ऑफिसला सुट्टी आहे. तिने अंगठा पाठवला.

बुधवारी मी नळीत नवीन ग्रीस भरलं. चाचांनी पेट भरके म्हटलं होतं, मी त्याहून थोडं जास्तच भरलं. तिच्यासमोर पाणी आत शिरून होडी बंद पडायला नको होती.

होडी खोक्यात बसवून, वर जुनी ओढणी गुंडाळून मी सकाळची लातूर गाडी धरली. खोकं मांडीवर होतं. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "ह्यात काय हाय ताई? कोंबडी-बिंबडी न्हाई ना?"

"नाही."

"मंग? हलून राहिलंय की."

मला खोटं पटकन सुचत नाही. "होडी आहे," मी म्हटलं.

"होडी!" तो मागे वळून अख्ख्या गाडीला म्हणाला. "लातूरला होडी चाललीय बघा."

"पाणी संगं घेतलंय का?" मागून कुणीतरी विचारलं आणि गाडी हसली. शेजारच्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, "हसू दे गं. त्यांना काम न्हाई." अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. खरं म्हणजे मलाही थोडं हसू आलं होतं. ही गोष्ट तिला सांगायची, असं मी मनात लिहून ठेवलं.

तिच्या घराचं दार उघडंच होतं. आत पाइप पसरले होते आणि सगळीकडे ओलं झालेलं. साडीचा पदर खोचून, हातात घागर घेऊन ती समोर आली आणि क्षणभर तिने मला ओळखलंच नाही, म्हणजे ओळखलं, पण मी इथे कशी, असा तिचा चेहरा झाला.

"अगं, आज?"

"गुरुवार," मी म्हटलं.

"अगं बाई, हो की. पाणी आलंय गं. तू बस, बस हं," असं म्हणत ती घागर घेऊन आत गेलीसुद्धा.

लातूरला नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं हे मला माहीत होतं. नांदेडमध्ये सगळ्यांनाच माहीत असतं, लातूरचं नाव निघालं की लोक तेच बोलतात. पण पाणी येतं त्या दिवशी घरात काय होतं हे मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कुणी कुणाचं नसतं. आधी पिण्याचं भरायचं, फडक्यातून गाळून. मग पिंप. मग हौद. मग बादल्या, पातेली, कुकर, अगदी चहाचं भांडंसुद्धा. शेजारून भिंतीवरून आवाज येतो, "धार कशी हाय गं तुमच्याकडं?" आणि इकडून उत्तर जातं, "मोटर लावा, मोटर!"

तिच्या सासूबाई हौदापाशी उभ्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात झाडू. हौद नुकताच घासून झाला होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नांदेडची का तू? ये गं माय. तीन दिवस लांबलं होतं बघ पाणी. तू आलीस आन् आलं. पायगुण हाय तुझा."

"नमस्कार काकू," मी म्हटलं.

"नमस्कार मागनं कर. हा पाइप धर."

मी खोकं ओट्यावर ठेवलं, बूट काढले आणि पाइप धरला. हौद खरंच मोठा होता. कमरेएवढ्या उंचीचा, दोन पलंग शेजारी मावतील एवढा, सिमेंटचा, वर सरकवायला पत्रे. अंगणाच्या निम्म्या जागेत नुसता तोच. तासभर मी पाइप धरून उभी होते आणि पाणी इंचाइंचाने वर चढत होतं. ती मधून मधून समोरून जायची. एकदा जाताना म्हणाली, "हात दुखला का?" मी म्हटलं नाही. एकदा म्हणाली, "च्यायला, तू आज नेमकी." हे ती आमच्या जुन्या पद्धतीने बोलली, आणि मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

हौद काठोकाठ भरला तेव्हा दुपार झाली होती. नळ गेला. घर एकदम शांत झालं. सासूबाई देवापाशी दिवा लावायला आत गेल्या. ती ओट्यावर बसली, पदराने मान पुसली आणि खोक्याकडे बघून म्हणाली, "हेच का ते?"

मी ओढणी सोडली. तिने होडीला हात लावला. वरच्या कठड्यावरून बोट फिरवलं. ते कठडे मी अगरबत्तीच्या काड्यांचे केले होते, तीन रविवार लागले होते.

"हे तू केलंस?"

"हो."

"एकटीने?"

"चाचांनी थोडं..." मी सांगायला लागले, पण ती उठली होती.

"टाक की मग. चालव. लवकर दाखव, मला अजून कुकर लावायचाय."

मी होडीचा तळ ओल्या फडक्याने पुसून घेतला. एवढं मला कळत होतं, की हे घरातलं पाणी आहे. मग ती हळूच हौदात ठेवली आणि रिमोट हातात घेतला.

होडी निघाली. टबात मला कधी कळलंच नव्हतं की ती इतकी सरळ जाते. समोरच्या भिंतीजवळ मी तिला वळवलं, ती वळली. मागे दोन पातळ रेघा उठल्या आणि हौदाच्या कडांना टेकून परत आल्या. मैत्रीण माझ्या शेजारी वाकून बघत होती आणि तिने माझा दंड धरला होता, शाळेत निकाल बघताना धरायची तसा.

"दे, दे मला दे."

मी रिमोट दिला. होडी समोरून आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, हे तिला माहीत नव्हतं. तिने होडी थेट भिंतीवर घातली आणि मोठ्याने हसली. "अगं, ही ऐकत नाहीये!" "उलटं फिरव." "उलटं म्हणजे कुठं गं?" मी तिच्या हातावर हात ठेवून रिमोटचं चाक फिरवलं. होडीने एक पूर्ण चक्कर मारली, मग दुसरी. तिने वेग पूर्ण दिला. बसमधली गोष्ट मी सांगायला लागले, कंडक्टर कोंबडी म्हणाला होता ती, आणि तिचं हसू मध्येच थांबलं.

"हे काय आहे?"

ऊन सरळ हौदात पडत होतं. होडीच्या मागे पाण्यावर रंग पसरले होते. जांभळा, हिरवा, पिवळा. पेट्रोल पंपावर पावसाच्या डबक्यात दिसतात तसे. होडी जिथे जिथे गेली होती तिथे तिथे ते होते, म्हणजे सगळीकडे. मध्ये मध्ये बाजरीच्या दाण्याएवढे काळे ठिपके तरंगत होते.

"ग्रीस," मी म्हटलं.

"काय?"

"नळीत भरलेलं. पाणी आत येऊ नये म्हणून."

तिने रिमोट माझ्या हातात दिला. अगदी नीट दिला, आपटला नाही. मग पाण्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "दहा दिवसांचं पाणी हाय गं हे."

मी होडी उचलली. तिच्या तळातून अजून एक थेंब पडला आणि गोल पसरत गेला. मी सॉरी म्हटलं. पुन्हा सॉरी म्हटलं. आम्ही शाळेत दिवसातून पन्नास वेळा हा शब्द वापरायचो, पेन पडलं तरी.

"तुझं काय," ती म्हणाली. "तुझ्या दारात गंगा हाय."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्या काही विचारायच्या आत ती पुढे झाली. "आई, माझंच चुकलं. पाहुण्यांना मीच म्हटलं चालवा म्हणून. त्यांचा काही दोष नाही."

तिने माझी बाजू घेतली होती. आयुष्यभर घेत आली होती तशी. पण या वेळी ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, सासूबाईंच्या बाजूला, आणि घरच्या सुनेने आलेल्या माणसाची बाजू घ्यावी तशी तिने ती घेतली. मी होडी दोन्ही हातांत धरून उभी होते. तिचं पाणी माझ्या पायांवर ठिबकत होतं.

सासूबाई हौदावर वाकल्या. बोट बुडवून वास घेतला.

"तेल हाय का?"

"ग्रीस आहे काकू. सायकलचं."

"वरच हाय न्हवं अजून?" त्यांनी सुनेकडे बघितलं. "मग उभी काय ऱ्हायलीस? पेपर आण. रद्दी आण सगळी. आन् कुणी पाण्यात हात घालू नका."

रद्दीचा गठ्ठा आला. सासूबाईंनी एक पान दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि पाण्यावर अलगद टेकवलं, पापड वाळत घालतात तसं. क्षणभर थांबून एका टोकाने उचललं. पानाखालचे रंग पानाबरोबर आले. तेवढं पाणी स्वच्छ दिसलं.

"टँकरच्या पाण्यावर असंच यायचं पहिलं," त्या म्हणाल्या. "डिझेलचा टँकर वरच्या वर धुवायचे आन् त्यातच पाणी आणायचे मेले. आम्ही काय टाकून देत होतो व्हय?"

आम्ही तिघींनी मिळून पान टाकायचं आणि उचलायचं काम केलं. किती वेळ ते आठवत नाही, पण शेवटी रद्दी संपली आणि सासूबाईंनी जुन्या धोतराचं फडकं पाण्यावरून फिरवलं. ती माझ्यासमोर, हौदाच्या पलीकडे होती. तिचा हात भरभर चालत होता. पूर्ण वेळ तिने मान वर केली नाही. ओली पानं एका कोपऱ्यात साठत होती आणि सिमेंटवर त्यांचे काळे ओघळ गेले होते.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "धुण्याभांड्याला चालतंय. आंघोळीचं बघू, पिंपात हाय." मग माझ्याकडे वळून, "रडू नको माय. प्यायचं आत भरलंय, त्याला काय झालं न्हाई. हात धू अन् जेवून घे." हात धुवायला त्यांनी तांब्यातून पाणी घातलं. मी दोन्ही तळवे जोडून पुढे केले आणि जमेल तेवढ्या कमी पाण्यात धुतले.

जेवताना तिने मला आग्रह केला. "घ्या की अजून एक" असं म्हणाली नाही, "घे" म्हणाली, पण ताटात न विचारता पोळी वाढली, वर तूप वाढलं, मी नको म्हटल्यावर अजून वाढलं. आम्ही कधी एकमेकींना वाढलं नव्हतं. डब्यात हात घालून खायचो. ती स्वतः नंतर बसणार होती, सासूबाईंबरोबर.

निघताना सासूबाईंनीच तिला पाठवलं. "जा, स्टँडपर्यंत सोडून ये. पोर लांबून आलीय." रिक्षात खोकं आमच्या दोघींच्या मध्ये होतं. मग तिने ओढणीची सुटलेली गाठ परत बांधली आणि म्हणाली, "खरं सांगू का? मला वाटलं नव्हतं तू येशील."

"मी मेसेज केला होता."

"हां, पण तू कुठं येतीस. तू येत नाहीस कुठंच." ती बाहेर बघत होती. "आणि मी तरी तुला कशाला बोलावलं, मलाच माहीत नाही. मला इथं कुणी काही आणत नाही दाखवायला. तू होडी म्हणलीस, मला हसू आलं, मी ये म्हणलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई चांगल्या आहेत. पण आता दहा दिवस मी प्रत्येक बादलीला तोंड लपवणार बघ."

मी पुन्हा सॉरी म्हटलं नाही. ते तिला नको होतं हे कळत होतं.

स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. तिने खोकं खिडकीतून आत दिलं. "पुढच्या वेळी फोन करून ये," ती म्हणाली. "पाण्याचा दिवस सोडून." मी मान हलवली. असं सगळ्याच पाहुण्यांना सांगतात, आणि ते बरोबरच आहे. गाडी सुटायच्या आधीच ती गेली, कपडे भिजत घातले होते तिने.

घरी आल्यावर मी होडी कपाटावर ठेवली. आईने विचारलं, "आवडली का गं तिला?" मी म्हटलं, हो. ते खोटंही नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी मोजले. हे मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी आमच्या नळाला पाणी यायचं, आई टाकी भरून वाहीपर्यंत मोटर चालू ठेवायची आणि मी उठून बटण बंद करायची. "तुला काय झालंय?" आई म्हणाली. मी म्हटलं, वाया जातंय. ऑफिसात प्रश्नपत्रिका तपासताना गणित यायचं, एक टाकी भरायला दोन नळांना किती तास लागतील, आणि मी उत्तर तपासायचं सोडून हौदाचा विचार करत बसायची. त्या हौदातलं पाणी आता कुठपर्यंत आलं असेल. भांडी घासताना त्याला वास येत असेल का. तिला रोज काय ऐकावं लागत असेल, किंवा काहीच ऐकावं लागत नसेल आणि तेच जास्त असेल. मेसेज लिहिला आणि पाठवला नाही, असं तीन-चारदा झालं. तिच्याकडूनही काही आलं नाही.

दहावा दिवस गेला. अकरावा गेला. बाराव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात गेले आणि फोन लावला. मी स्वतःहून फोन लावणं तिच्या सवयीचं नव्हतं. बराच वेळ वाजला. मग तिने उचलला, आणि पहिल्यांदा तिचा आवाज न येता पाण्याचा आला.

"बोल," ती ओरडून म्हणाली.

"काही नाही. पाणी आलं का, एवढंच विचारायला."

पलीकडे पाइपातून हौदात पाणी पडत होतं, मोटर चालू होती, कुणीतरी लांबून धार विचारत होतं.

"आत्ताच आलंय," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली. हौद घासून घेतला सकाळीच. आई म्हणत होत्या आज येईल."

"बरं."

"हां."

मला वाटलं ती फोन ठेवेल. तिने ठेवला नाही. खांद्यात धरला असावा, कारण मधूनच कापडाची सळसळ ऐकू येत होती आणि पाइप एका जागेवरून दुसरीकडे सरकवल्याचा आवाज. जिन्यातून वरच्या मजल्यावरची मुलं उतरत होती, मी भिंतीला सरकून त्यांना वाट दिली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. हौद किती भरला ते नुसत्या आवाजावरून कळत नव्हतं. मग आतून तिला कुणीतरी हाक मारली, ती "आले आले" म्हणाली, आणि फोन बंद झाला.